सेतुरावांचा सुटा पंखा

शनिवार, सकाळचे साडेदहा. हजर : मी (इमारतीच्या असोसिएशनची सचिव), पद्मा मामी (सहसचिव), तिसऱ्या मजल्यावरचे सेतुराव, आणि असोसिएशनचा कॉम्प्युटर. त्याला हजर धरावं की नाही, यावर एकमत झालं नाही. दर दहा मिनिटांनी त्याचा स्क्रीन काळा पडत होता.

सेतुरावांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खोडरबर असतो. पांढरा, शाळेतल्या मुलांचा. अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत कुणाचाही कॉम्प्युटर आडवा झाला की सेतुराव हा खोडरबर आणि एक टॉर्च घेऊन जिना उतरतात. नोकरी सगळी अंबत्तूरच्या कारखान्यात झाली, घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा काही पिढ्या जुनं आहे. माझं मराठी त्यांना "फार घाईचें" वाटतं.

त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"ताप आहे. पडण्याआधीं काय चाललें होतें?"

"नोटीस टाइप करत होते," मामी तमिळमध्ये म्हणाल्या.

"नोटिशीनें इतका ताप चढत नाहीं, मामी. कुठली सीरियल?"

मामींनी दोन सीरियलींची नावं सांगितली.

मग त्यांनी ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं. पंख्यातला धुळीचा गोळा उपसला. कार्डाची सोनेरी कड खोडरबराने हलके हलके पुसली, जेवल्यावर लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. टक् आवाज येईपर्यंत कार्ड जागेवर दाबलं आणि म्हणाले, "सरी," म्हणजे झालं. दुपारपर्यंत स्क्रीन एकदाही काळा पडला नाही. मी असोसिएशनच्या कामांच्या यादीतलं चौथं काम खोडलं.

सातवं काम मात्र बरेच दिवस अडलेलं होतं. खुद्द सेतुरावांचा कॉम्प्युटर दर महिन्याला असाच बंद पडतो. विचारलं की म्हणतात, "माझ्यानें होत नाहीं, बाई. प्रसन्ना येईल, बघेल." प्रसन्ना हा त्यांचा मुलगा. शहराच्या दुसऱ्या टोकाला शोळिंगनल्लूरला ऑफिस, तिथेच घर. अख्ख्या इमारतीची यंत्रं उठवणाऱ्या माणसाला स्वतःचं जमू नये, याचं मला हसू यायचं.

त्या दिवशी ते टॉर्च आमच्याकडेच विसरले. संध्याकाळी मी तो द्यायला वर गेले. सेतुराव स्वयंपाकघरात कॉफी करत होते. त्यांच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडं होतं आणि कार्डावरच्या पंख्याची वायर बाहेर निघालेली. तुटली नव्हती, फक्त जोडलेली नव्हती. पंखा फिरत नसेल तर कार्ड तापणार आणि स्क्रीन काळा पडणार, एवढं त्यांच्याकडेच शिकले होते. मी वायर बसवली. सातवं काम अर्ध्या मिनिटात झालं.

"अय्यो! काय केलेंत बाई हें?" सेतुराव दारात कॉफीचा टंबलर घेऊन उभे.

"वायर सुटली होती. बसवली."

"सुटली नव्हती. मी काढली होती."

ते खुर्चीवर बसले. कॉफी माझ्या हातात द्यायचं विसरून स्वतःच एक घोट प्यायले.

"उद्यां प्रसन्ना यायचा आहे. हें नीट चाललें तर कशाला येईल?"

"अहो, जेवायला बोलवा ना सरळ."

"बोलावतों कीं. जेवायला म्हटलें तर 'पुढच्या आठवड्यांत, अप्पा.' कॉम्प्युटर म्हटलें तर येतो." मग म्हणाले, "लहानपणीं मी काम करायचों, तो टॉर्च धरायचा. हात हलला कीं मी ओरडायचों. आतां काम तो करतो, मी टॉर्च धरतों. तोही ओरडतो, 'अप्पा, हलवू नका!'"

हे सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. ते न सांगताच डब्यावर उजेड धरून उभे राहिले. हात जरा हलत होता. मी चष्मा चढवला, वायर पुन्हा काढली आणि सवयीने व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवली.

"इतकी नीट नको, बाई," सेतुराव म्हणाले. "सुटल्यासारखी दिसूं दे."

मी ती विस्कटली.

यादीत सातवं काम अजून तसंच आहे : सेतुरावांचा कॉम्प्युटर दुरुस्त करणे.