उभं कोण हाये?

बोरकुटे सर बैठकीत बसत नाहीत. विभागाची बैठक कितीही लांबो, हा माणूस मागे भिंतीपाशी उभा. आधी मूळव्याधीची शंका निघाली, मग गर्विष्ठपणाची. दुसरीवर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या विभागात दुसऱ्या कशावर ते होत नाही.

आम्ही दोघं चंद्रपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे बैठकीत चहापुरता. सर कायम नोकरीत, पण त्यांचा विषय ऐच्छिक: समुदाय मानसशास्त्र. माणूस घाबरला असेल तर त्याच्या डोक्यात शिरण्याआधी त्याच्या गावात जाऊन बघा, एवढंच त्या विषयाचं म्हणणं. आमच्याकडे त्याला राजकारण म्हणतात. डोक्यात शिरण्याला शास्त्र म्हणतात, आणि त्याला अनुदान मिळतं.

कोणी शोधनिबंध वाचला की मागून सरांचा प्रश्न ठरलेला, "ते ठीक हाये, पण उभं कोण हाये?" अर्थ कोणालाच कळत नसे. पोरं नक्कल करत. एकदा बाहेरून आलेले एक विद्वान गोंधळून स्वतःच उभे राहिले.

यंदा मूल तालुक्यातल्या एका जंगलालगतच्या गावात मोहफुलं वेचणाऱ्या बाईला वाघानं मारलं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी लगेच तिथे भयमुक्ती शिबिर घेतलं. बायकांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. सर मागून म्हणाले, "मॅडम, डोळे काऊन मिटाले लावता? भेव त्याईच्या डोक्यात नाई, झुडपात हाये."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. पुढच्याच बैठकीत सरांचा पेपर बंद करायचा ठराव आला. कारण, विषयाला शास्त्रीय शिस्त नाही. भराभर हात वर झाले. माणसांनी एकमेकांना कसं धरून राहावं हे शिकवणाऱ्याला एकटं कसं पाडावं, ते आमच्याकडून शिकावं. मला संताप आला, पण तासिकावाल्याला मताचा अधिकार नव्हता. त्या दिवशी सर पहिल्यांदा खुर्चीत बसले.

रविवारी त्यांनी मला त्याच गावाला नेलं. उजाडलं होतं. मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या आणि सर काठी घेऊन मागे उभे राहिले, बैठकीत राहतात अगदी तसेच.

मेलेल्या बाईची जाऊ, शेवंताबाई, मला म्हणाली, "वाकलेल्या माणसाले वाघ जनावर समजते, भाऊ. म्हून एकानं मागं उभं राहा लागते. पण जे उभं राह्यते त्याची टोपली रिकामी. म्हून रविवारी सर राह्यतात, लय सालापासून."

"आणि त्या दिवशी?"

"बुधवार होता. फुलं लय पडली होती, सगळ्याच वाकलो." मग हळूच म्हणाली, "सर म्हणतात, मी मीटिंगमधी होतो."

मी सरांकडे पाहिलं. काठी बाजूला पडली होती. ते खाली वाकून फुलं गोळा करत होते, पण ओंजळ भरत नव्हती. खांदे हलत होते.

"माहा पेपर गेला, बाई," ते मान खाली घालूनच म्हणाले. "आता पोराईले हे कोण सांगन?"

शेवंताबाईनं टोपली खाली ठेवली. काठी उचलली आणि त्यांच्या मागे जाऊन जंगलाकडे तोंड केलं.

"रडून घ्या, सर," ती म्हणाली. "मी हाये उभी."