बिनसावलीचा कौल

आईला फसवायचे नाही, फक्त देवाच्या कामात थोडा हातभार लावायचा, असा एक लहानसा निर्णय गोरखने शनिवारी दुपारी घेतला. भोरच्या महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटू शकतात. (त्याच्या बायकोला, रत्नाला, त्या वाटल्या नाहीत; पण ती गणित शिकवते आणि तिला बहुतेक गोष्टी जशा असतात तशाच दिसतात.)

अडचण आईच्या, म्हणजे साळूबाईंच्या, गुडघ्यांची होती. हिर्डोशीतल्या घरात त्या आता चुलीपासून उंबऱ्यापर्यंतसुद्धा भिंतीच्या आधाराने जात. पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी सोमवार दिला होता. आधीची तारीख "नाथाचा कौल न्हाई" एवढ्यावर हुकली होती, आणि हीही हुकली तर साळूबाई कायमच्या खाटेला खिळतील, असे डॉक्टरांनी या वेळी गोरखला बाजूला घेऊन सांगितले होते. कौलासाठी टेकडीवरच्या नाथाच्या ठाण्यापर्यंत चढायला हवे, कारण ज्याचा प्रश्न त्यानेच देवासमोर बसायचे, हा गावचा नियम. चढायला गुडघा हवा. आणि गुडघ्यासाठी कौल हवा. त्यातच कौल लावणारे चिमाजी गुरव लेकीकडे मार्गासनीला जाऊन बसलेले.

"आई, नाथच घरी आला तर?" गोरखने विचारले.

"यीऊ दे की. कोण नगं म्हणतंय?"

एवढी परवानगी गोरखला पुरली. पडद्यावर घनाकृती उभ्या करणारी जी स्क्रिप्ट तो पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवी, तीच त्याने लॅपटॉपवर उघडली. वृत्तचिती, शंकू, गोल. प्रत्येकाला एक ओळ, रंगाला एक, प्रकाशाला एक, आणि बघणाऱ्याचा डोळा म्हणून एक कॅमेरा. वृत्तचितीवर अर्धा गोल बसवला, त्याला शेंदराचा रंग दिला, की नाथाचा पाषाण तयार. दोन पांढरे गोल, ते चांदीचे डोळे. दोन्ही खांद्यांवर चपटे केलेले पिवळे गोल, त्या झेंडूच्या पाकळ्या. ठाण्यावर अशाच ओल्या पाकळ्या देवाला चिकटवतात. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. गोरखने उजवी पाकळी बटण दाबताच गळेल अशी तजवीज केली. डावीला गळण्याची मुभाच ठेवली नाही.

"अहो, हा कौल आहे की निकालपत्र?" रत्नाने विचारले.

"तू मध्ये बोलू नकोस."

"बरं. उजवी कुठली, तेवढं एकदा तपासा."

"उजवी म्हणजे उजवी!" गोरख म्हणाला. (आयुष्यभर उजव्या हाताने जेवलेला माणूस या बाबतीत निश्चिंत असतो.)

दिवेलागणीला वरंध्याच्या घाटाकडून धुके उतरले. ते अंगणात थांबले नाही. ओळखीच्या माणसासारखे उंबरा ओलांडून आत आले. पाठोपाठ वीज गेली. शेजारचे कुत्रे भुंकता भुंकता मध्येच थांबले, ते पुन्हा भुंकलेच नाही. घरात उजेड उरला तो लॅपटॉपचा, आणि त्या निळसर उजेडात काळ्या पडद्यावर एक शेंदरी पाषाण उभा होता. ठाण्यावरच्या दगडाला खाचा आहेत, तेलाचे ओघळ आहेत. याला काहीच नव्हते. तो इतका गुळगुळीत होता की नजर त्याच्यावर ठरत नव्हती.

साळूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मग बराच वेळ त्या निरखत राहिल्या.

"गोरख्या, ह्याची सावली कुठं हाय?"

गोरखने सावलीची सोय केली नव्हती. ते त्याला सांगता आले असते. पण आईने विचारल्यापासून त्यालाही ती नसलेली सावलीच दिसू लागली होती.

"आई, तू प्रश्न विचार."

"नाथा," साळूबाईंचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, "पाय कापू देऊ का रं?"

गोरखने बटण दाबले. पाकळी सुटली. आवाज न करता, घाई न करता ती खाली गेली. त्याच क्षणी चुलीवरचे झाकण खणकन पडले आणि तिघेही दचकले.

"उजवा!" गोरख ओरडला. "बघ आई, उजवा दिला!"

"तुझा उजवा," साळूबाई म्हणाल्या. "त्यो आपल्याकडं तोंड करून हाय न्हवं? त्याचा डावा झाला की. सपलं. म्या न्हाई येत पुण्याला."

 काळोखात गोरखला रत्नाचे दुपारचे 'तेवढं एकदा तपासा' पुन्हा स्पष्ट ऐकू आले.

"थांब, अजून पूर्ण झालं नाही," असे म्हणून त्याने घाईघाईने स्क्रिप्टमधला कॅमेरा उचलून पाषाणाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. आता पडलेली पाकळी डावीकडे दिसेल, म्हणजे देवाची उजवी ठरेल, असा त्याचा हिशेब. (पाकळी कुठल्या बाजूची गळावी हे एक वजाचे चिन्ह घालून बदलता आले असते. भीतीने माणूस गणिताच्या आधी कॅमेऱ्याकडे धावतो.)

पाकळी डावीकडे आली. डोळे मात्र नाहीसे झाले.

"आगं बया," साळूबाई पुटपुटल्या. "पाठ फिरवली. नाथानं पाठ फिरवली माझ्याकडं!"

 डोळे परत आणायलाच हवे होते. त्याने पाषाण पारदर्शक केला. डोळे दिसले, पण दगडाच्या आत, पलीकडे बघणारे. धुके तोपर्यंत खाटेपर्यंत आले होते.

"आत कुनीतरी बसलंय," साळूबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"दगडाच्या आत. मानूस हाय. तोंड वासलंय. लई भ्यालंय बिचारं."

गोरखने पाहिले. पाषाणाच्या पोटात खरोखरच एक चेहरा होता. फिकट, केस उभे, ओठ हलणारे. असा चेहरा त्याने कुठल्याही ओळीत लिहिला नव्हता. तो मागे सरकला, चेहराही मागे सरकला. "रत्ना!" त्याने हाक मारली, आणि आतल्यानेही रत्नालाच हाक मारली.

"अहो," रत्ना म्हणाली, "पडदा काळा आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर बसलाय."

 साळूबाई आधी बारीक, मग मोठ्याने हसू लागल्या. हसता हसता गुडघा दुखला तरी थांबेनात.

"म्हंजी ह्यात नाथ न्हाईच! तूच बसलायस व्हय रं आत?"

"आई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ऱ्हाऊ दे. म्हंजी डावा दिला त्यो नाथानं न्हाई, तू दिलास." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या भिंतीचा आधार घेत उठल्या. "नाथ मला नगं म्हनला न्हाई. जाताना खालनंच हात जोडते, गुडघा झाला की वर जाऊन सांगते त्येला. रत्ने, पिशवी भर माझी, दोन लुगडी जास्ती घाल."

"पण आई," गोरखच्या तोंडून गेले, "कौल तर डावा आला ना?"

"आला की. पर तुझा हाय त्यो," साळूबाई म्हणाल्या. "आन् तुझं ह्या घरात कवा कुनी ऐकलंय?"