गोदाक्काचं विरजण

गोदाक्काकडं विरजण मागायला गेलं, की वाटीत दही पडायच्या आधी एक सवाल पडायचा. "सासू आता बोलती का गं?" "धाकट्याला मास्तरानं का मारलं?" जवाब मिळाला की मगच बोटभर दही. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात निम्म्या घरांचं दूध तिच्याच विरजणावर लागायचं. निजाम गेला, पंचायत आली, आणि तिचा नवरा बाबूराव सरपंच झाला. लोक म्हणतात झाला. मी म्हणतो, दूध लावावं तसा तिनं तो लावला.

मला हे पक्कं ठाऊक, कारण त्याच्याविरुद्ध उभा होतो तो मीच. मी तिसरी शिकलेला, तीही उर्दूत. बाबूराव तेवढाही नाही. सात मेंबरांतले चार माझ्याकडं होते. त्या सकाळी त्यातल्या सोपानाची बायको वाटी घेऊन गोदाक्काच्या दारी गेली. गोदाक्काचं एक वाक्य ठरलेलं, "मला काय कळतंय त्यातलं." त्याच्यापुढं जे यायचं, त्यावर गाव चालायचं. त्या दिवशी पुढं आलं, "पण तुमच्या आडाला रहाट न्हाय, बायांच्या हाताची सालं निघत्यात." दुपारी सोपानाचा हात बाबूरावासाठी वर. मी पडलो. रहाट मात्र महिन्यात बसला, हे कबूल केलं पाहिजे.

चावडीपुढं मी बोललो, त्या घरचा थेंब माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि मी बोललो म्हणजे बोललो. तिच्या घरच्या लग्नात जेवलो, पण ताकाला शिवलो नाही. घरी येऊन आमच्या मंडळींच्या हातचं दोन तांबे ताक प्यालो आणि म्हणालो, "दही असावं तर असं. घरचं." मंडळी चुलीकडं वळल्या. मला वाटलं, लाजल्या.

पंचायत बाबूरावाच्याच ओसरीवर बसायची, आणि ऐन फैसल्याच्या वेळी त्याला हटकून तहान लागायची. आत जायचा, पाणी पिऊन यायचा आणि फैसला सांगायचा. एकदा मी म्हणालो, "सरपंच, आमालाबी पाजा की ते पाणी." आतून आवाज आला, "भावजी, तुमाला आमचं ताक चालत न्हाय, पाणी कसं चालंल?" सगळी पंचायत हसली. मी हसलो नाही.

पुढं बाबूराव तालुक्याचा सभापती झाला आणि दोघं भूमला राहायला गेली. मला वाटलं, सुटलो. पण कुणाच्या घरात काय अडलंय, ते विचारणारं गावात कुणी राहिलं नाही. मी हे मोठ्यानं कधी म्हणालो नाही.

तीन महिन्यांनी, दिवे लागायच्या वेळी, ती एकटीच एस्टीतून उतरली आणि सरळ माझ्या दारात आली. हातात रिकामी वाटी.

"भावजी, विरजण देता का? माझं लोटकं एस्टीत फुटलं."

गावात एवढी दारं, आणि हिनं माझं धरलं. "दुसरीकडं न्हाय का?"

"हाय की. पण तुमचं दार पयलं लागलं. अन् तुमच्याकडं माझंच हाय."

मी मंडळींकडं बघितलं. मंडळींनी चुलीकडं. "आठ-धा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "पण उंबऱ्यावरनं न्हाय आणलं. परसदारानं आणलं."

मी विषय बदलला. "भूम सोडून का आलात, वहिनी?"

ती ओट्यावर टेकली. "बंगला हाय, शिपाई हाय. माणसं येत्यात, ती ह्यांच्याकडं. मी रोज गाडगंभर दही लावायची. तीन म्हयन्यांत एकबी वाटी दारात आली न्हाय." मग म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं."

मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढं काहीच आलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

दिवे लागल्यावर घरातलं दही बाहेर देत नाहीत. मंडळी घुटमळल्या. मी स्वतः उठलो आणि वाटी भरून दिली.

सकाळी आमच्या घरी गाडगंभर दही होतं. मी एक वाटी घेतली, पुसली आणि तिच्या दारी गेलो. पुढल्या दारानं.

"वहिनी, विरजण."

ती गाडग्यावरचं फडकं उगाच नीट करत बसली. मग तिनं वाटी हातात घेतली.

"आधी सांगा, सोपानाच्या आडाचा रहाट कुरकुरतोय, तो कुणी बघितला का न्हाय?"

मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगायला लागलो. तीन महिन्यांचं तुंबलं होतं.