सासरे किती वाजता उतरतील?

लेकीचे बीजगणितातले मार्क घसरले, तेव्हा जावईबापूंनी सासऱ्यांना फोनवर ठोकून दिलं, "काळजी नको, मीच शिकवतोय तिला." (बीजगणिताशी त्यांचा संबंध दहावीलाच सुटला होता, तोही काठावर.) सासरे निवृत्त गणितशिक्षक. ते म्हणाले, "दोन दिवस येऊन बघतो. जमत नसेल, तर परीक्षेपर्यंत राहीन."

परीक्षेला चार महिने होते. जावईबापूंची झोपच उडाली.

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला, ऐन दाढी चालू असताना फोन वाजला.

"बसमध्ये आहे. प्रवासाचा एक तृतीयांश वेळ सरला. आणखी अर्ध्या तासाने निम्मा सरेल. न्यायला किती वाजता याल?" आणि फोन बंद.

"अहो, सरळ विचारा ना बाबांना!" बायको म्हणाली.

"विचारलं की मेलो! चार महिने!"

फेसाळ बोटाने त्यांनी आरशावरच 'क्ष' मांडला. निम्म्यातून तृतीयांश वजा करायचा, तो घाईत मिळवला. अख्खा प्रवास छत्तीस मिनिटांचा निघाला, त्यातली चोवीस उरलेली. (तेवढ्यात सासऱ्यांच्या गावाची वेससुद्धा ओलांडून होत नाही; पण घाबरलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला!) एकच गाल गुळगुळीत, अशा अवतारात जावईबापू स्टँडवर धावले.

बस आली की ते दाराशी धावायचे. सासरे काही उतरेनात. अकरा वाजले. रागावून परत तर गेले नसतील? त्यांनी घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"आजोबा आले का गं?"

"बारा वाजता येतील ना. आईने गणित सांगितलं मला. निम्म्यातून तृतीयांश गेला, उरला एक षष्ठांश; तोच अर्धा तास. एकूण तीन तास, एक झाला, दोन राहिले. सोपं होतं, बाबा."

जावईबापूंनी तासभर तेच घोकलं. बाराला बस लागली. सासरे भल्यामोठ्या दोन बॅगा घेऊन उतरले.

"उत्तर?"

"बारा!"

"रीत सांगा."

त्यांनी पोपटासारखी म्हणून दाखवली.

"हा एक षष्ठांश कुठून आला?"

जावईबापूंनी दाढी राहिलेला गाल खाजवला. "तो... लेकीने काढला."

"म्हणजे पोरीला येतंय!"

"येतंय म्हणजे काय, तोंडी येतंय!" त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग बाबा, दोनच दिवस ना?"

"तिला दोन दिवस पुष्कळ झाले," दोन्ही बॅगा त्यांच्या हातात देत सासरे म्हणाले. "चार महिने तुम्हाला लागतील."