अण्णांचा गुडघा आणि ठकीची आगगाडी

गाडी शिकवावी तर मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला मला वेळ नाही. उभी हयात मी लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घातली. ज्यांना सायकलीचा तोल सांभाळता येत नव्हता, अशांनाही मी घाट चढवून, उतरवून, धडधाकट घरी आणून सोडलंय. माझ्या गाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'घाई नाही, घाबरणं नाही'. टपावर पाटी आहे, 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा'. आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढे, म्हणजे माझ्या पायाशी, एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच. शिकणाऱ्याने काहीही दिवे लावले तरी गाडी शेवटी माझ्या पायाखाली असते.

आता माझी जीभ जरा तिखट आहे, हे मान्य. पण गुरूची जीभ गोड असली की शिष्याची गाडी खांबावर जाते. मागे एक बाई शिकायला यायच्या. वळण आलं की डोळे मिटून घ्यायच्या. एक दिवस मी त्यांना म्हटलं, "बाई, तुमच्या हातात रुळावरची गाडी दिली तरी ती तुम्ही कुंपणात घालाल." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. म्हटलं, चला, सुटलो! बायकोलाही मी आठवडाभर शिकवून पाहिलं. शेवटच्या दिवशी तिने भर चौकात गाडी उभी केली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पर्स उचलून चालत घरी गेली. तेव्हापासून घरात तो विषय बंद. काहींच्या अंगात ते नसतंच, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

तर, ठकीचा पाचवा वाढदिवस आला. ठकी म्हणजे आमचं शेंडेफळ आणि तेच एकुलतं एक फळ. तळ्याकाठच्या बागेत एक छोटी आगगाडी आहे. ती शिट्टी वाजवत तळ्याला वळसा घालून येते. पण दारातच पाटी, की पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाच आत सोडतील. ठकी पडली चणीने लहान. तिला दोनदा दारातून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी तर ती बिचारी टाचा उंचावून उभी राहिली होती. रडली नाही, पण घरी येईपर्यंत एकच प्रश्न विचारत होती, "बाबा, पाच कधी होतात?"

त्या दिवशी मी तिला शब्द दिला होता, की ज्या दिवशी पाच होतील त्या दिवशी गाडीत बसवीन. तिने ती बातमी शाळेत, शेजारी आणि दूधवाल्याला सांगून टाकली. आणि नेमकं वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून रूळ बदलायला काढणार होते, म्हणजे पुढचे कित्येक महिने गाडी बंद. तेव्हा जे काही व्हायचं ते त्याच दिवशी, आणि अंधार पडायच्या आत. मी म्हटलं, गाडी आपली, चालवणारा मी, काळजी कसली?

काळजी होती अण्णांच्या गुडघ्याची. अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे समोर दिसेल तो माणूस त्यांना वर्गात उशिरा आल्यासारखाच वाटतो. नातीच्या वाढदिवसाला ते आणि सासूबाई आदल्या दिवशीच येऊन थडकले होते. त्यांचा उजवा गुडघा दुमडत नाही. मागच्या सीटवर तो मावेना, म्हणून त्यांना पुढे बसवलं. मी चालवायला, शेजारी शिकवणाऱ्याच्या सीटवर अण्णा, मागे बायको, ठकी आणि मांडीवर केकचा खोका घेऊन सासूबाई. केकवर क्रीमची आगगाडी होती आणि तिच्या धुराड्यात पाचच्या आकड्याची मेणबत्ती. बायको आदल्या रात्रीच म्हणाली होती की टपावरची पाटी तरी काढा, लोक हसतील. पण नट गंजले होते, म्हणून पाटी राहिली.

निघताना मी अण्णांना नम्रपणे सांगितलं, की पायाशी ते दोन पेडल आहेत, तिकडे पाय नेऊ नका. अण्णा म्हणाले, मला वाचता येतं तसं दिसतंही.

पहिला चौक गेला. दुसऱ्या चौकात समोरून एक ट्रक आला, चांगला लांबून, आपल्या बाजूने, अगदी सभ्यपणे. आणि आमची गाडी जागच्या जागी थांबली! माझं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, मग टपावरची पाटी वाचून गप्प बसला.

"अण्णा, पाय!" मी म्हटलं.

अण्णा म्हणाले, त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. गाडी वेगात गेली की गुडघ्यात कळ येते आणि पाय आपोआप लांब होतो. आता ज्याला ते वेग म्हणत होते त्या वेगाने शेजारून एक आजोबा काठी टेकत आमच्या पुढे गेले होते! पण सासऱ्यांना काय बोलणार? मी गिळलं. पुढे एक कुत्रं आलं, अण्णांना कळ आली. पुढे गतिरोधक आला, अण्णांना कळ आली. पुढे काहीच आलं नाही, तरी आली. त्या वेळी सासूबाईंच्या हातातून खोका सुटला, झाकण उघडलं आणि क्रीमची आगगाडी थेट माझ्या मानेवर येऊन थांबली. नवा शर्ट, कॉलरच्या आत गार गार धुराडं. ठकीने तेवढ्यात मेणबत्ती काय ती झेलली आणि मुठीत धरून ठेवली.

तेव्हा मात्र माझ्या तोंडून गेलं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, एक दिवस स्वतःचा पाय आवरून दाखवा."

बायकोने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मला तिने किल्ली हातात ठेवलेला तो चौक आठवला. अण्णांनी फक्त चष्मा पुसला. गप्प बसलेला मुख्याध्यापक बोलणाऱ्यापेक्षा वाईट असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक हवालदाराने हात केला. चार पावलं जायची आणि आचका द्यायचा, अशी आमची गाडी त्याने लांबूनच हेरली असणार. त्याने माझ्याकडे लायसन्स मागितलं. मी खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. वाढदिवसाचे म्हणून बायकोने नवे कपडे घालायला लावले होते, आणि लायसन्स राहिलं जुन्या पँटीत. लायसन्सशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, हे मी रोज ओरडून सांगतो, तो मी!

मी म्हटलं, साहेब, मीच गाडी शिकवतो, ही गाडीच माझी आहे. हवालदाराने आधी माझ्या मानेवरचं क्रीम पाहिलं, मग शेजारच्या सीटवर ताठ बसलेले, पांढऱ्या केसांचे, जादा ब्रेकवर पाय ठेवलेले अण्णा पाहिले. मला ओलांडून त्याने त्यांनाच विचारलं, "गुरुजी, कधीपासून शिकतोय हा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच हात जोडले.

"लग्न झाल्यापासून," अण्णा म्हणाले. "पण प्रगती नाही."

मागे सासूबाई खोकल्या. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हवालदार माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, बघू तरी किती येतंय, त्या दोन पिंपांच्या मध्ये गाडी मागे घेऊन लाव. अहो, पिंपांच्या मध्ये! हे मी डोळे बांधून करतो! मी रिव्हर्स टाकला, ॲक्सिलरेटर दिला, आणि गाडीने नुसतीच डरकाळी फोडली. जागची हलेना. खाली पाहिलं तर अण्णांचा पाय आता क्लचवर.

"अण्णा, पाय!" मी कळवळून म्हटलं.

"बघा, गुरूलाच शिकवतोय," अण्णा हवालदाराला म्हणाले.

हवालदाराने निकाल दिला. याच्याकडे लायसन्स नाही आणि याच्या हाताला वळणही नाही, तेव्हा हा गाडी चालवणार नाही. गुरुजी, पुढे तुम्ही न्या. हे ऐकलं आणि अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा घंटी वाजवत हातात धरून नेलेली! थट्टा अशी अंगाशी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता खरं सांगावं तर हवालदाराशी खोटं बोलल्याचं निघणार, आणि न सांगावं तर गाडी चालवायची. आम्ही दोघं सासरे-जावई पहिल्यांदाच एकाच बाजूला होतो, आणि दोघांनाही काही सुचत नव्हतं. ऊन उतरायला लागलं होतं.

मागून ठकीचा आवाज आला. अगदी हळू. "बाबा, गाडी सुटेल ना आता?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. मोठेपणा मिरवत निघालो होतो आणि पोरीला दिलेला एक शब्द पाळता येत नव्हता.

इतक्यात मागचं दार उघडलं. बायको उतरली, पुढे आली, पर्समधून एक कार्ड काढून तिने हवालदारासमोर धरलं आणि मला म्हणाली, "अहो, सरका जरा."

हवालदाराने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, हे आधी सांगायचं नाही का, ताई! मी खाली उतरून तोंडाचा आ करून उभा. अण्णा मागे गेले आणि गुडघा सासूबाईंच्या मांडीवर आडवा टाकून बसले. मी शिकवणाऱ्याच्या सीटवर. बायकोने आरसा सारखा केला, पट्टा लावला, आणि गाडी अशी अलगद पुढे नेली की मागे ठकीला आपण निघालो हे कळलंच नाही.

"कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"पलीकडच्या गल्लीत. ते ओरडत नाहीत."

पलीकडच्या गल्लीत म्हणजे माझ्या कट्टर स्पर्धकाकडे! माझ्या घरात, माझ्या नाकाखाली! मला बोलायचं बरंच होतं, पण समोर बस आली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडीने आचका दिला.

"अहो, पाय," बायको म्हणाली. मागे अण्णा समाधानाने खाकरले. पुढेही दोन-चारदा तेच झालं. मी काय करू? इतक्या वर्षांची सवय!

बागेत पोचलो तेव्हा शेवटची फेरी संपली होती. दाराला साखळी लावणं चाललं होतं आणि इंजिनाजवळ निळ्या टोपीतली एक बाई हात पुसत होती. ठकी साखळीपाशी जाऊन उभी राहिली. या वेळी टाचा उंचावल्या नाहीत तिने. नुसती उभी राहिली.

त्या बाईने वळून पाहिलं आणि ओरडलीच, "अगं, तू इकडे कुठे?" बायको धावत गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. पलीकडच्या गल्लीत दोघी एकत्र शिकल्या होत्या म्हणे. मी पुढे झालो आणि माझे पाय थबकले. त्याच त्या! वळण आलं की डोळे मिटणाऱ्या! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मानेवरच्या क्रीमकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, अजून कुंपणात घातली नाही बरं का."

भुई दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या खाली वाकल्या आणि ठकीला विचारलं, पाच झाले का गं? ठकीने मूठ उघडली. आत क्रीमने माखलेली पाचच्या आकड्याची मेणबत्ती होती.

"मग एक फेरी उरलीच आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी साखळी सोडली.

लहान मुलाबरोबर एक मोठं माणूस लागतं, म्हणून मी ठकीशेजारी बसलो. गुडघे कानाला लागले होते. बाई इंजिनावर बसल्या आणि शिट्टी झाली. ठकी एक शब्द बोलत नव्हती, नुसतं हे एवढं मोठं तोंड करून हसत होती. अख्ख्या दिवसाचा शीण उतरला बघा. तळ्याकाठचं पहिलं वळण आलं. बाई आता डोळे मिटतात की काय म्हणून मी पुढे झुकून पाहू लागलो, तोच ठकीने माझ्या मांडीवर थोपटलं.

"बाबा, पाय."

मी खाली पाहिलं. माझा पाय समोरच्या पत्र्यावर सगळा जोर लावून दाबलेला होता, आणि पत्र्याला चांगला खळगा पडला होता. गाडी आपली सुरळीत वळण घेऊन पुढे चालली होती. वळणावर ठकीने हात वर केले.

परत आलो तो बायको गाडीत बसलेलीच होती, आणि शेजारच्या सीटवर, पाय लांब करून, अण्णा.

"जावईबापू, तुम्ही मागे बसा," ते म्हणाले. "तुमच्या पायाचा भरवसा नाही."

मी मुकाट्याने मागे बसलो. मांडीवर केकचा खोका, खांद्यावर झोपलेली ठकी. घर येईपर्यंत वाटेत ट्रक आले, कुत्री आली, गतिरोधक तर मोजावेत तितके आले. पण आश्चर्य बघा, लेकीच्या गाडीत अण्णांचा गुडघा एकदाही दुखला नाही.