अण्णासाहेबांच्या जीपचा लाल बूट

एका जंगलात, मुलांनो, जीप एकच होती आणि तिच्याबद्दल मत असणारे म्हातारे ढीगभर होते.

जीप पंचायतीची. चालवायचे अण्णासाहेब गवा, कारण ते अध्यक्ष. शेजारी बसायचे दामूआजोबा अस्वल, कारण ते वयानं मोठे. मागची जागा आजारी जनावरांची. म्हणजे, मागे ह्या दोघांचं सामान नसेल तर.

इंदी साळिंदर गाड्या दुरुस्त करायची. तिच्या आईला दमा. दवाखाना घाटाखाली, आणि तिथवर जायला ही एकच जीप.

एकदा वळणावर पुढच्या चाकातून कटकट आवाज आला. इंदी जीपखाली शिरली. बाहेर आली ती तोंड पाडून.

"अण्णासाहेब, बॉल जॉइंटचा बूट फाटलाय."

"जीप बूट घालते?" दामूआजोबांनी विचारलं.

"चाकाच्या सांध्यावरची रबरी टोपी हो, आजोबा. ती आत ग्रीस धरून ठेवते. फाटली, ग्रीस गेलं, माती आत गेली."

"आमच्या काळी गाड्यांचे असले चोचले नव्हते."

"तुमच्या काळी गाड्याच नव्हत्या."

"बघा, कशी उलटून बोलते!"

मुलांनो, हे पाठ करून ठेवा. तुम्ही चूक दाखवलीत की म्हातारे चुकीकडे बघत नाहीत. तुमचा आवाज किती चढला ते बघतात.

"मग घाल की नवा बूट," अण्णासाहेब म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"घालते. पण आधी सांधा उघडून बघू द्या. झिजला असेल तर तोच बदलायला हवा. नुसता वरून बूट चढवला तर माती आतच कोंडेल आणि सांध्याला खात बसेल."

"उघडायचा? दसरा तोंडावर आलाय! पूजेच्या गाडीचं लोखंड दसऱ्याआधी उघडत नाहीत. रीत आहे."

"ही रीत घातली कुणी?"

"आम्हीच."

"मग तुम्हीच मोडा."

"आम्हीच मोडली तर तिला रीत कोण म्हणेल?"

इंदी पान्हे गोळा करून निघून गेली. मग कोल्हा सुभान्यानं काम हातात घेतलं. त्याच्या हातात तोवर पान्हा कधी नव्हता, अण्णासाहेबांची छत्री मात्र कायम असायची. त्यानं मातीसकट सांध्यावर नवा बूट चढवला. लालचुटूक.

दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घातला. दामूआजोबांनी भाषण केलं. "आमच्या पिढीनं जंगलाला काय दिलं, असं ही पोरं विचारतात. बूट दिला!" टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांच्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदीच्या आईला धाप लागली. अण्णासाहेबांचा निरोप आला, जीप तयार आहे. इंदीनं आईला हातगाडीवर बसवलं.

"अगं, अण्णासाहेब काय म्हणतील?" आई धापा टाकत म्हणाली.

"तू आधी श्वास घे. अण्णासाहेबांना बोलायला पुष्कळ दम आहे."

अर्ध्या घाटात मागून हॉर्न वाजला.

"ए पोरी, बाजूला हो!" अण्णासाहेब ओरडले. "मोकळी जीप घेऊन आलो आणि तू हातगाडी ढकलतेस? चारचौघांत आमचं नाक कापलंस!"

जीप पुढे गेली. वळण आलं. कडकन आवाज झाला आणि पुढचं चाक आडवं पडलं. अण्णासाहेब चरात गेले. दामूआजोबा करवंदीच्या जाळीत.

इंदीनं क्षणभर थांबून कानोसा घेतला. दोघंही तिच्याच नावानं शिव्या घालत होते. म्हणजे जिवंत होते. ती पुढे निघाली. दवाखान्यात आईच्या तोंडावर मास्क लागला आणि हळूहळू तिची धाप बसली.

इकडे चौकशी बसली. चौकशीला कोण? तेच दोघं, पट्ट्या बांधून. सुभान्यानं चाक समोर आणून ठेवलं. सांध्याचा चुरा झाला होता. बुटावर ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हणजे दुरुस्ती चोख झाली होती," दामूआजोबा म्हणाले.

"मग अपघात कशानं झाला?" सुभान्यानं विचारलं.

"हातगाडीनं," अण्णासाहेब म्हणाले. "रस्त्यात अडथळा."

हातगाडी जप्त झाली. सुभान्याचा शाल देऊन सत्कार झाला. आणि इंदीला हुकूम सुटला: सांधा ताबडतोब नवा बसव, पण बुटाला हात लावायचा नाही.

तात्पर्य: मुलांनो, काय मोडलं ते शोधत बसू नये. काय शाबूत राहिलं ते बघावं आणि त्याचं श्रेय घ्यावं. घरात कुणाला धाप लागलीच, तर आधी वडीलधाऱ्यांचा मान राखावा. श्वासाचं काय, तो नंतरही घेता येतो.