आईच्या टेपमधलं पाणी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जेवढा स्पीकर महाग, तेवढा आवाज चांगला! यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. गारखेड्यातल्या आमच्या अख्ख्या अपार्टमेंटमध्ये कान म्हणावा असा कान एकट्या वैजनाथचाच, म्हणजे माझाच!

त्या कानापायी मी नव्या स्कूटरचे पैसे स्पीकरांत घातले. आमची चारुता एवढंच म्हणाली, "दुष्काळात लोक पाण्याची टाकी घेतात हो!"

बायकोला काय सांगू? माझ्याकडं आईची एक कॅसेट आहे. वैजापूरच्या घरी, दहावीत असताना, एका सकाळी अंथरुणातूनच टेपचं बटण दाबलं होतं. आई ओवी म्हणतेय, मग नळ येतो, हंड्यात धो-धो पाणी पडतं आणि त्या आवाजात ती मला काहीतरी सांगते. काय, ते तीस वर्षांत कळलं नाही. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचे ते चार शब्द ऐकायला जीव नुसता तळमळायचा. आशीर्वादच असणार, असं मी धरून चाललो होतो.

रविवारी जुना टेप नव्या स्पीकरांना जोडला आणि आवाज मोठा केला. ओवी आली, अंगावर काटा आला. मग पाणी पडायला लागलं. काय ते पाणी! पायजमा वर घ्यावासा वाटला!

तेवढ्यात दार धडधडलं. बाहेर तिसऱ्या मजल्यावरच्या वच्छलाबाई, मागं निम्मं अपार्टमेंट, प्रत्येकाच्या हातात हंडा! आमच्याकडं खालचा सामाईक नळ आठव्या दिवशी येतो आणि त्याची पाळी उद्याची होती.

"एकट्यानंच वर पाइप घेऊन भरता व्हय?"

"अहो, टेप आहे ती!"

"टेप म्हणं! आमाला पाण्याचा आवाज कळत नाय का?"

बाईंनी बाथरूममधल्या बादल्या उलट्या करून पाहिल्या. कोरड्या ठाक! मग हंडा खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "पुन्यांदा लावा बरं. लई दिवसांत असं धो-धो ऐकलं नाय."

लावली. सगळेजण हंडे मांडीवर घेऊन ऐकत बसले. आणि पाण्याच्या आतून आई स्पष्ट म्हणाली, "वैज्या, ऊठ की रं! नळ आलाय, हंडा लाव!"

सगळे खो-खो हसले. मीही हसलो आणि हसता हसता डोळे भरून आले. वच्छलाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

टेप संपली. पाणी मात्र पडतच होतं.

"बघा!" मी छाती फुगवली. "याला म्हणतात स्पीकर! टेप संपली तरी आवाज घुमतोय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चारुता स्वयंपाकघरातून आली. "बंद करा आता ते."

"बंदच आहे!"

"अहो, मग खाली काय पडतंय?"

अरे देवा! सगळे एकदम दाराकडं पळाले. हंड्यात हंडा अडकला, कुणाचा कुठला कळेना, त्यात वच्छलाबाईंची चप्पल माझ्या पायात! खाली पोचलो तोवर नळ फुसफुसत थेंबावर आला होता. त्या दिवसापासून अपार्टमेंटनं माझ्याशी अबोला धरलाय.

पण जास्त पैसे घातले की आवाज चांगला येतो, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. आईचे शब्द लख्ख कळले. वेळेवर उठलो मात्र मी तेव्हाही नव्हतो.